चेतापेशीतील विद्युत्संकेत : निर्मिती, पूर्वस्थिती आणि वत्सनाभाची विषक्रिया

प्रस्तावना

वातव्याधी हा आपल्या चिकित्साव्यवसायाचा फार मोठा भाग आहे. पक्षाघात, गृध्रसी, अर्दित, हातापायांची बधिरता, मुंग्या, कंप इत्यादी लक्षणे घेऊन येणारा रुग्ण आपल्याकडे रोज येतो. अशा रुग्णाजवळ आधुनिक तपासण्यांचे अहवाल असतात आणि त्यांत चेतावहनाचा वेग, विद्युत्विभव असे शब्द असतात. दुसरीकडे आपण वापरीत असलेल्या कल्पांपैकी कित्येक कल्पांत वत्सनाभ, कुचला यांसारखी विषद्रव्ये शुद्ध स्वरूपात असतात आणि त्यांची क्रिया थेट चेतापेशींवर व हृदयपेशींवर होते. म्हणून चेतापेशी विद्युत्संकेत कसा निर्माण करते व तो संपल्यावर पुन्हा पूर्वस्थितीला कशी येते, हे समजून घेणे केवळ ज्ञानापुरते नाही. औषध देणाऱ्या वैद्याला आणि ते तयार करणाऱ्या फार्मसीचालकाला त्याचा रोजच्या कामात उपयोग आहे.

प्रस्तुत लेखात प्रथम ही यंत्रणा क्रमाने मांडली आहे. त्यानंतर वत्सनाभाच्या उदाहरणावरून ती बिघडली असता काय होते याचा विचार केला असून, शेवटी शोधनसंस्काराचे महत्त्व व व्यवहारातील सूचना दिल्या आहेत.

संशोधनाचा संक्षिप्त इतिहास

इटलीतील लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून चेता व विद्युत यांचा संबंध चर्चेत आला. १८५० साली जर्मनीतील हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतेतील संकेताचा वेग मोजला व तो सेकंदाला काही दशक मीटर एवढाच असल्याचे दाखविले. तारेतील विजेच्या मानाने हा वेग अगदीच कमी असल्याने चेतेतील वीज निराळ्या जातीची असली पाहिजे, हे त्यावरून सूचित झाले.

खरी उकल झाली ती स्क्विड या सागरी प्राण्यामुळे. या प्राण्याचा एक अक्षतंतू सुमारे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असतो, त्यामुळे त्याच्या आत सूक्ष्म विद्युत्अग्र घालता येते. इंग्लंडमधील ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांनी १९३९ साली अशा अक्षतंतूच्या आतून संकेताची प्रत्यक्ष नोंद केली. महायुद्धामुळे काम थांबले, परंतु १९५२ साली त्यांनी संकेतनिर्मितीचा संपूर्ण गणिती सिद्धांत मांडला. १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन एक्लस यांच्यासमवेत मिळाले. पुढे १९७६ साली एर्विन नेहर व बर्ट झाकमान यांनी पेशीपटलातील एकेका मार्गातून वाहणारा प्रवाह मोजून दाखविला. तोवर अनुमानाने मानलेले हे मार्ग त्यामुळे प्रत्यक्ष सिद्ध झाले.

विश्रांत अवस्था

चेतापेशी काहीही काम करीत नसताना ती विद्युतदृष्ट्या निष्क्रिय असते, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. या अवस्थेतही पेशीपटलाच्या आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. यास विश्रांतिविभव म्हणतात. ७० मिलिव्होल्ट हा आकडा लहान वाटतो खरा, परंतु पेशीपटलाची जाडी जेमतेम ७ नॅनोमीटर असते हे लक्षात घेतल्यास तेथील विद्युत्क्षेत्र दर मीटरला सुमारे १ कोटी व्होल्ट एवढे भरते. म्हणजेच पेशी विश्रांतीत असतानाही ताणलेल्या धनुष्याप्रमाणे सज्ज असते.

हा विभव दोन गोष्टींमुळे निर्माण होतो.

१) आयनांची विषम वाटणी : पेशीबाहेरील द्रवात सोडियमचे प्रमाण दर लिटरला सुमारे १४५ मिलिमोल, तर आत केवळ १० ते १५ असते. पोटॅशियमचे नेमके उलट असते. आत सुमारे १४० व बाहेर ४ ते ५ मिलिमोल. ही विषमता पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंप टिकवून धरतो. १९५७ साली डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांनी या पंपाचा शोध लावला व त्यासाठी १९९७ साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एटीपीचा एक रेणू खर्च करून हा पंप ३ सोडियम आयन बाहेर टाकतो व २ पोटॅशियम आयन आत घेतो.

२) पटलाची निवडक पारगम्यता : विश्रांत अवस्थेत पटलातील पोटॅशियमचे काही मार्ग उघडे असतात, सोडियमचे जवळजवळ सर्व मिटलेले असतात. त्यामुळे पोटॅशियम थोड्या प्रमाणात बाहेर झिरपतो व जाताना आपला धनभार घेऊन जातो. आतील बाजू त्यामुळे ऋण होते. हा ऋणभार पोटॅशियमला मागे खेचू लागतो आणि दोन्ही ओढी समतोल होण्याच्या जवळ आल्या की विभव स्थिरावतो. केवळ पोटॅशियमचा विचार केल्यास हा समतोल सुमारे उणे ९० मिलिव्होल्टवर साधतो. केवळ सोडियमचा विचार केल्यास तो अधिक ६० च्या आसपास साधतो. विश्रांतिविभव उणे ७० असतो, याचा अर्थ त्या वेळी पोटॅशियमचे वर्चस्व असते, मात्र ते निर्भेळ नसते.

हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत. पुढील सर्व घडामोडी म्हणजे पटल एकदा सोडियमच्या आकड्याकडे झेपावणे व पुन्हा पोटॅशियमच्या आकड्याकडे परतणे, एवढ्याच आहेत.

संकेताची निर्मिती

सोडियम-मार्ग हा पटलात आरपार बसलेला प्रथिनाचा बोगदा आहे. त्याच्या रचनेत दोन भाग कल्पावेत. एक दार आणि दुसरा अडसर. विभव कमी ऋण झाला की दार झटकन उघडते. त्याच कारणाने अडसरही सरकू लागतो, परंतु तो किंचित उशिरा, सुमारे एक सहस्रांश सेकंदाने पडतो. दार उघडणे व अडसर पडणे यांमधील या अल्प अवधीतच संकेत जन्मास येतो.

शेजारच्या भागातून आलेल्या प्रवाहाने किंवा दुसऱ्या चेतापेशीच्या प्रेरणेने विभव उणे ७० वरून सुमारे उणे ५५ पर्यंत आला, की पुरेसे सोडियम-मार्ग उघडतात. सोडियम आत येतो, त्यामुळे विभव आणखी कमी ऋण होतो, त्यामुळे आणखी मार्ग उघडतात. गवताच्या गंजीस ठिणगी लागावी तसे हे आपोआप वाढत जाते व अर्ध्या-एक सहस्रांश सेकंदात आतील बाजू अधिक ३० ते ४० मिलिव्होल्टपर्यंत धन होते. यास क्रियाविभव म्हणतात.

उणे ५५ ही मर्यादा ओलांडली नाही तर संकेत उठत नाही, आणि ओलांडली तर तो पूर्ण उंचीचाच उठतो. अर्धा संकेत असा प्रकार नसतो. मग सौम्य व तीव्र वेदना यांतील भेद मेंदूस कसा कळतो? संकेताच्या उंचीवरून नव्हे, तर दर सेकंदास किती संकेत येतात व किती तंतूंतून येतात यावरून. ही बाब महत्त्वाची आहे, कारण संकेताला ‘थांबता’ आले नाही तर ‘मोजता’ही येणार नाही. म्हणून पूर्वस्थितीला येण्याची क्रिया ही संकेतनिर्मितीइतकीच मोलाची ठरते.

पूर्वस्थितीला येणे

क्रियाविभव शिखरावर पोहोचतो तोच दोन घटना घडतात.

१) सोडियम-मार्गांत अडसर पडतात. दार उघडे असूनही मार्ग बंद होतो व सोडियमचा ओघ थांबतो.

२) पोटॅशियमचे विभवावलंबी मार्ग, जे सावकाश उघडणारे असतात, ते आता उघडतात. आत साठलेला पोटॅशियम बाहेर पडतो व आतील बाजू पुन्हा ऋण होते.

हे पोटॅशियम-मार्ग मिटण्यासही थोडा वेळ लागतो, म्हणून विभव क्षणभर विश्रांतीच्याही खाली उतरतो व मग स्थिर होतो. विभव पुरेसा ऋण झाल्यावर सोडियम-मार्गांची दारे मिटतात, अडसर निघतात आणि मार्ग पुन्हा वापरण्यायोग्य होतात. अडसर पडलेले असताना कितीही जोराची प्रेरणा दिली तरी नवा संकेत उठत नाही. हा पूर्ण अनुत्तेज्य काळ सुमारे १ सहस्रांश सेकंदाचा असतो. त्यानंतर काही सहस्रांश सेकंद नेहमीपेक्षा अधिक प्रेरणा लागते.

या काळाचे दोन उपयोग आहेत. संकेत ज्या भागातून नुकताच गेला तेथील मार्गांवर अडसर असल्याने तो मागे फिरू शकत नाही व पुढेच जातो. तसेच संकेतांच्या वारंवारतेला वरची मर्यादा पडते.

पंपाविषयी एक सर्वसाधारण गैरसमज

अनेक पाठ्यपुस्तकांच्या संक्षिप्त आवृत्त्यांत असे वाचावयास मिळते की, संकेतानंतर सोडियम-पोटॅशियम पंप चालू होतो व तो विभव पूर्ववत करतो. हे बरोबर नाही. विभव पूर्ववत होतो तो अडसर पडल्याने व पोटॅशियम बाहेर गेल्याने. पंपाचा वेग या कामासाठी फारच अपुरा आहे.

घराच्या गच्चीवरील टाकीचे उदाहरण घ्यावे. मोटर लावून टाकी भरतात, परंतु नळ उघडला म्हणून पाणी येते आणि नळ मिटला म्हणून ते थांबते. त्या क्षणी मोटर चालू असण्याची गरज नसते. वीज गेली तरी टाकीत पाणी असेतोवर नळ चालतो. चेतापेशीत पंप ही मोटर होय व आयन-मार्ग हे नळ होत. १९५५ साली हॉजकिन व रिचर्ड कीन्स यांनी सागरी प्राण्यांच्या जाड अक्षतंतूंना चयापचय रोखणारी विषे दिली. सोडियम बाहेर टाकण्याचे काम थांबले, तरीही ते तंतू संकेत वाहतच राहिले.

याचे कारण असे की, एका संकेतास लागणारे आयन अत्यल्प असतात. स्क्विडच्या जाड अक्षतंतूत एका संकेताने आतील पोटॅशियमचा सुमारे दहा लाखांतला एक भाग बाहेर जातो. अतिसूक्ष्म तंतूंत मात्र आतील साठाच लहान असल्याने हे प्रमाण हजारांत एकाच्या जवळपास येते. त्यामुळे बारीक तंतूंना पंपाची गरज लवकर भासते. शरीराच्या वजनाच्या केवळ २ टक्के असलेला मेंदू विश्रांत अवस्थेतील प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के वापरतो, त्यामागे टाकी सतत भरलेली ठेवण्याचा हा खर्च प्रामुख्याने आहे.

संकेताचा प्रवास

मज्जावरण नसलेल्या बारीक तंतूंत संकेत इंचाइंचाने पुढे सरकतो व त्याचा वेग सेकंदाला अर्धा ते २ मीटर असतो. मंद, जळजळीत वेदना या तंतूंतून जाते. मज्जावरण असलेल्या जाड तंतूंत संकेत एका उघड्या सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत जणू उड्या मारीत जातो व वेग सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जाऊ शकतो. मधुमेहासारख्या व्याधींत तंतू किंवा मज्जावरण यांची हानी झाली की हा वेग मंदावतो, हे चेतावहनाच्या तपासणीत दिसते.

वत्सनाभ : अडसर पडू न देणारे विष

वत्सनाभ म्हणजे बचनाग. ॲकोनायटम फेरॉक्स व त्याच्या निकटच्या जातींचे हे कंद होत. यांतील ॲकोनायटीन, स्यूडॲकोनायटीन इत्यादी अल्कलॉइडे सोडियम-मार्गाला चिकटतात. याचे परिणाम दोन होतात. मार्गाचे दार नेहमीपेक्षा अधिक ऋण विभवावर, म्हणजे जवळजवळ विश्रांत अवस्थेतच उघडू लागते. आणि उघडल्यावर अडसर पडत नाही. मागील विवेचन ध्यानात असल्यास पुढील लक्षणांचा क्रम आपोआप उलगडतो.

प्रथम : सोडियम आत झिरपत राहिल्याने कारण नसताना वारंवार संकेत उठतात. ओठ, जीभ व तोंडाभोवती चुणचुण, मुंग्या, नंतर हातापायांत मुंग्या.

द्वितीय : पटल विश्रांतिविभवाला परत येऊच शकत नाही. त्यामुळे ज्या मार्गांना विष चिकटलेले नाही त्यांच्यावरील अडसरही निघत नाहीत व नवा संकेत अशक्य होतो. मुंग्यांच्या जागी बधिरता व स्नायूंचे दौर्बल्य येते.

तृतीय : हेच सोडियम-मार्ग हृदयपेशींतही आहेत. तेथे संकेत संपता संपता पुन्हा उठू लागतात. हृद्गती अनियमित होते व निलयांचा घातक कंप होऊन मृत्यू ओढवतो. याच्या जोडीला लालास्राव, वमन, रक्तदाब उतरणे व नाडी मंद होणे हीही लक्षणे आढळतात.

लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसू लागतात. शुद्ध ॲकोनायटीन सुमारे २ मिलिग्रॅम किंवा अशोधित कंद १ ग्रॅम एवढ्या मात्रेनेही मृत्यू संभवतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात पन्नाशीतील एक शेतकरी गृहस्थ आले. सांधेदुखीसाठी कोठून तरी घेतलेले, वेष्टनावर काहीही न लिहिलेले चूर्ण त्यांनी सकाळी दुप्पट मात्रेत घेतले होते. अर्ध्या तासात ओठांना मुंग्या व नंतर वांत्या सुरू झाल्या. नातेवाईक अम्लपित्त समजून लिंबूसरबत देत होते. नाडी विषम व तुटक लागली. आम्ही चूर्णाच्या पुडीसह त्यांना तत्काळ अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठविले. तेथे हृदयाच्या आलेखात निलयजन्य अनियमितता आढळली. रुग्ण एक दिवसाच्या देखरेखीनंतर वाचला. ‘तोंडाला मुंग्या, त्यापाठोपाठ वमन आणि विषम नाडी’ हा त्रिकूट वैद्याने कधीही विसरू नये, हे सांगण्यासाठीच हा वृत्तांत येथे दिला.

ॲकोनायटीनवर विशिष्ट प्रतिविष उपलब्ध नाही. चिकित्सा हृदयाच्या अखंड देखरेखीखाली आधारात्मक असते. हृद्गती ताळ्यावर आणण्यासाठी अमिओडॅरोन किंवा फ्लेकेनाइड ही औषधे वापरली जातात. विजेचा झटका कित्येकदा निष्फळ ठरतो, कारण विष मार्गांना चिकटलेले असेतोवर बिघाड पुन्हा उद्भवतो. रसग्रंथांत वत्सनाभाच्या विषावर घृतासह टंकण सांगितले आहे. तथापि नाडी विषम झालेल्या रुग्णास घरी औषध देत बसून वेळ दवडणे सर्वथा अनुचित होय.

शोधनसंस्कार : नेमके काय घडते?

वत्सनाभाचे चण्याएवढे तुकडे करून तीन दिवस गोमूत्रात ठेवणे, गोमूत्र रोज बदलणे, उन्हात वाळविणे, अथवा दोलायंत्रात गोदुग्धात स्वेदन करणे या पद्धती आपणा सर्वांस परिचित आहेत. यामागील रसायन आज बरेच स्पष्ट झाले आहे. ॲकोनायटीनच्या रेणूवर दोन एस्टर-गट असतात. पाणी, उष्णता व वेळ यांच्या योगाने प्रथम एक गट सुटतो व बेन्झॉइलॲकोनीन तयार होते. दुसराही सुटल्यास ॲकोनीन तयार होते. प्रत्येक पायरीस सोडियम-मार्गावरील पकड व विषारीपणा कित्येक पटींनी घटतो. शिवाय अल्कलॉइडांचा काही अंश द्रवात उतरतो.

यावरून पुढील बाबी ध्यानात येतील.

१) तुकडे लहान करण्याचा दंडक निरर्थक नाही. अखंड कंदाच्या गाभ्यापर्यंत द्रव व उष्णता पोहोचत नाही.

२) काळ कमी करणे म्हणजे शोधन अर्धवट सोडणे होय. घाईत बाहेरचा थर शुद्ध व आतला भाग अशुद्ध राहतो.

३) उरलेले गोमूत्र व दुग्ध विषारी असते. ते गुरांच्या पाण्याजवळ किंवा उघड्यावर टाकू नये.

४) जिभेला लावून पाहणे ही शुद्धतेची परीक्षा नव्हे. प्रत्येक घाण्याची वर्णलेखन पद्धतीने, म्हणजे क्रोमॅटोग्राफीने, तपासणी करून घेणे हाच खात्रीचा मार्ग होय.

त्रिभुवनकीर्ति रस, आनंदभैरव रस, मृत्युंजय रस, हिंगुळेश्वर रस हे वत्सनाभयुक्त कल्प सर्वांच्या लक्षात असतात. संजीवनी वटी व अग्नितुंडी वटी यांतही वत्सनाभ असतो, याचा मात्र पुष्कळदा विसर पडतो. एकाच रुग्णास असे दोन-तीन कल्प एकत्र दिल्यास वत्सनाभाची एकूण मात्रा नकळत वाढते.

कण्हेर व कुचला : तुलनात्मक विचार

वत्सनाभ, करवीर व विषमुष्टि ही तिन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये असलेल्या नियमांच्या ई-१ अनुसूचीत विषद्रव्ये म्हणून समाविष्ट आहेत. परंतु त्यांचे कार्यस्थान एक नाही.

वत्सनाभ : सोडियम-मार्गावर क्रिया करतो. नळ मिटत नाही. मुंग्या, बधिरता, विषम हृद्गती.

करवीर म्हणजे कण्हेर : यातील ओलिअँड्रिन सोडियम-पोटॅशियम पंपास रोखते. मोटर बंद पडते. याचा परिणाम प्रामुख्याने हृदयावर दिसतो. नाडी मंद होते, हृदयातील संकेतवहनात अवरोध येतो व रक्तातील पोटॅशियम वाढते. पिवळ्या कण्हेरीचे विषही याच जातीचे असून त्यावर डिगॉक्सिन-प्रतिपिंडांचा उपयोग होतो, हे श्रीलंकेतील अभ्यासातून २००० साली प्रसिद्ध झाले.

विषमुष्टि म्हणजे कुचला : यातील स्ट्रिक्निन पेशीच्या मार्गांना किंवा पंपाला धक्का लावीत नाही. मेरुरज्जूत एक पेशी दुसरीस ‘थांब’ असा संदेश ग्लायसीन या द्रव्याद्वारे देते, तो संदेश ते अडविते. म्हणून अल्प उद्दीपनानेही धनुर्वातासारखे आक्षेप येतात व रुग्ण शुद्धीवर असतो.

लक्षणांवरून कोणते विष असावे याचे अनुमान या भेदामुळे करता येते.

याच यंत्रणेचा हितकर उपयोगही होतो. लिग्नोकेन सोडियम-मार्ग आतून रोखून स्थानिक बधिरता आणते. फेनिटॉइन व कार्बामॅझेपीन अडसर पडलेल्या अवस्थेला अधिक काळ टिकवितात व अपस्मारातील अतिवेगवान संकेतांना आवर घालतात. म्हणजे वत्सनाभाच्या बरोबर उलट क्रिया.

आयुर्वेदीय दृष्टीने विचार

शरीरातील सर्व चेष्टा व गती यांचे कर्तृत्व आपल्या शास्त्राने वायूकडे दिले आहे. त्यामुळे चेतासंकेत म्हणजेच वायू, सोडियम म्हणजे अमुक दोष, अशी समीकरणे मांडण्याचा मोह होतो. आमच्या मते हा मोह टाळावा. वायू ही संकल्पना श्वसन, मलप्रवर्तन, गर्भनिष्क्रमण अशा अनेक क्रियांना व्यापणारी आहे. तिला एका आयनाच्या हालचालीत कोंबणे हा तिच्यावरही अन्याय आहे व शरीरक्रियाविज्ञानावरही.

विषाच्या दहा गुणांचा विचार मात्र येथे अवश्य करावा. लघु, रूक्ष, आशु, विशद, व्यवायी, तीक्ष्ण, विकासी, सूक्ष्म, उष्ण व अनिर्देश्यरस असे हे गुण चरकाचार्यांनी सांगितले आहेत. पचन होण्याची वाट न पाहता शरीरभर पसरणे, त्वरेने परिणाम करणे, सूक्ष्म स्रोतसांत शिरणे, बंध शिथिल करणे ही वर्णने वत्सनाभाच्या रुग्णात शय्येपाशी पडताळून पाहता येतात. शास्त्रकारांनी निरीक्षण अचूक केले होते. ते निरीक्षण कोणत्या मार्गाने घडते, हे विसाव्या शतकातील प्रयोगांनी सांगितले. दोन्ही ज्ञाने आपापल्या जागी ठेवूनही एकाच रुग्णाच्या हितासाठी वापरता येतात.

व्यवहारातील सूचना

वैद्यांसाठी :

१) वत्सनाभयुक्त कल्प देताना मात्रा व कालावधी चिठ्ठीवर स्पष्ट लिहावा. ‘बरे वाटेपर्यंत घ्या’ असे सांगू नये.

२) हृद्गतीचे विकार, हृद्रोग, वार्धक्य, गर्भावस्था व बाल्य यांत हे कल्प टाळावेत.

३) ओठांना मुंग्या आल्यास औषध तत्काळ बंद करून कळविण्यास प्रत्येक रुग्णास सांगावे. विषबाधेचा संशय येताच औषधाच्या वेष्टनासह रुग्णास हृदयाची देखरेख असलेल्या रुग्णालयात धाडावे.

४) महाविषगर्भ तेलासारखी बाह्य औषधे फाटलेल्या त्वचेवर किंवा व्रणावर लावू नयेत. त्वचेवाटेही विष शोषले जाते.

५) वृक्कविकारात यवक्षारासारखे पोटॅशियमप्रधान क्षार जपून वापरावेत. बाहेरील पोटॅशियम वाढल्यास विश्रांतिविभव कमी ऋण होतो, सोडियम-मार्गांवर अडसर राहतात व स्नायुदौर्बल्य आणि हृदयबाधा होते. उलटपक्षी, ज्येष्ठमध अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन चालू असलेल्या रुग्णांत हे विशेष धोक्याचे ठरते.

फार्मसीचालकांसाठी :

१) अशुद्ध व शुद्ध वत्सनाभ स्वतंत्र, कुलूपबंद व ठळक नाव लिहिलेल्या पात्रांत ठेवावा. अतिविष हे याच कुळातील निर्विष द्रव्य असल्याने दोहोंची साठवण कधीही शेजारी करू नये.

२) शोधनाची तारीख, द्रव, कालावधी व करणाऱ्याचे नाव यांची नोंदवही ठेवावी.

३) खल व मिश्रण एकजीव झाले पाहिजे. घाण्यातील सरासरी मात्रा बरोबर असूनही एखाद्या गोळीत विष एकवटले, तर रुग्ण ती एकच गोळी घेतो, सरासरी घेत नाही.

४) पोटात घ्यावयाच्या अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. ती वाचता येईल अशा आकारात असावी व वैद्याच्या चिठ्ठीशिवाय हे कल्प देऊ नयेत.

सारांश

विश्रांत चेतापेशी आतून ऋण असते. सोडियम आत आल्याने संकेत उठतो. अडसर पडल्याने व पोटॅशियम बाहेर गेल्याने तो मिटतो. पंप या सर्वांसाठी लागणारा साठा टिकवून धरतो. वत्सनाभ अडसर पडू देत नाही, कण्हेर पंप अडविते व कुचला पेशीपेशींमधील निरोधक संदेश तोडतो. विधिपूर्वक शोधनाने वत्सनाभाची मार्गावरील पकड सैल होते आणि तेच द्रव्य योग्य मात्रेत औषध ठरते.

स्वाध्याय

१) पंप बंद पडूनही जाड अक्षतंतू संकेत कसे वाहू शकतो?

२) वत्सनाभाच्या विषबाधेत आधी मुंग्या व नंतर बधिरता का येते?

३) आपल्या चिकित्सालयातील किंवा फार्मसीतील सर्व वत्सनाभयुक्त कल्पांची यादी करून ती दर्शनी भागी लावावी.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यास अर्धा तास पुरेल. हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी ते काम उरकावे, अशी सर्व व्यवसायबंधूंना विनंती आहे.